सही करणारा शेजारी

बोनारिया, तू ज्या यकृताला रोज शिव्या घालतेस
ते म्हणजे आमच्या तळमजल्यावरचा म्हातारा सिस्तो.
पार्सल कुणाच्याही नावाचं असो,
हा दार उघडून उभाच.
सही ठोकतो, आत नेतो,
आणि तिसऱ्या मजल्यावरची वस्तू
त्याच्या ओट्यावर कांद्यांशेजारी पडून राहते.

हे ऐकून तू हसलीस,
मग हसता हसता वही ओढलीस.

वीस वर्षं मी डोंगरातली पार्सलं पोचवतो.
पत्ता लिहिणं सोपं असतं.
नुओरोच्या वर अर्ध्या घरांना नंबर नाहीत.
"आन्तिओका, विहिरीच्या वर, हिरवं दार",
आणि दार गेल्या ईस्टरला निळं झालेलं.

तुझा पत्ता वीस अक्षरांचा.
तीन अब्ज अक्षरांच्या वस्तीत वीस अक्षरं,
आणि त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा पत्ता
पलीकडच्या आळीत, दोनच अक्षरांचा फरक.
कात्री काही चष्मा लावत नाही, म्हणालीस.
त्या दोन अक्षरांपायी तुझा अख्खा हिवाळा गेला.
आईनं पाठवलेलं चीज टेबलावर बुरसलं.

दर दुसऱ्या गुरुवारी व्हॅन उभी करून
मी काल्यारीच्या वॉर्डात आडवा होतो.
अनोळखी माणसाचं रक्त थेंब थेंब पाहुणं येतं,
जाताना आपलं लोखंड मागे ठेवून जातं.
ते विरघळवायच्या गोळ्या रोज सकाळी, उपाशीपोटी.
खिडकीबाहेर मिठागर,
त्यात गुलाबी फ्लेमिंगो एका पायावर,
जणू दुसरा पाय कुठे ठेवला ते आठवत नाहीये.

इथे पूर्वी ताप होता.
डासांनी घर धुऊन नेऊ नये म्हणून
आपल्या रक्तानं आतून कडी घातली.
पणजोबा त्या कडीनं तगले.
मग फवारे आले, दलदली आटल्या, डास गेले.
कडी राहिली.
आईकडे एक, बाबांकडे एक,
माझ्यात दोन्ही बसल्या.
तुझ्यात एकही नाही.
हे आपण जेवताना बोलत नाही.

"म्हणजे चूक खोडणार?" मी विचारलं होतं.
"नाही. चूक राहू दे.
पोटातल्या बाळाचं रक्त वेगळं असतं, बाकीझिओ.
जन्मल्यावर शरीर ते माळ्यावर टाकतं,
कुलूप लावतं आणि विसरतं.
मला फक्त कुलूप तोडायचंय."

बेचाळीस वर्षांचा मी,
माझ्या हाडांच्या माळ्यावर
एक तान्हं रक्त अजून गुंडाळून ठेवलेलं.
त्या रात्री झोप लागली नाही.

कात्रीचा आराखडा तू चरबीच्या थेंबात भरतेस.
चार प्रकारची चरबी, मोजून मापून.
उंदराच्या शेपटीतून आत.
शंभर थेंब पेशीपर्यंत पोचले
तर पेशी त्यांना पिशवीत कोंबते,
पिशवी फोडून दोन बाहेर पडतात.
"बाकीचे?"
"पचतात."
इतकं सहज म्हणालीस
की मी वाइनचा ग्लास खाली ठेवला.

पण सिस्तोचं मला माहीत होतं.
तो सगळं घेतो, फक्त बिलं घेत नाही.
खोक्यावर वीजबिलाचं पाकीट चिकटवलं
की दार लावून घेतो,
आणि मी निवांत जिना चढतो.

ऑक्टोबरात तुझा फोन.
पाचवी चरबी घातली, बाहेरून, वेगळ्या भाराची.
तुझं वीजबिल, म्हणालीस.
यकृतानं तरी बरंच गिळलं,
पण हाडाच्या मगजात शंभरातले अकरा.
"उंदरांत," तू पुन्हा म्हणालीस. "उंदरांत."
मी कधी ते विचारलं नाही.
तूही वर्ष सांगितलं नाहीस.
लाइनवर तुझ्या यंत्राची घरघर ऐकू येत होती.

आज गुरुवार.
पिशवी अर्धी रिकामी झालीय.
खाली व्हॅनमध्ये नऊ पार्सलं,
एकात आन्तिओकाच्या कानयंत्राच्या बॅटऱ्या.
पत्त्यावर अजून हिरवं दारच छापलंय.
उद्या नेऊन देईन.